संप लांबला तर पेशंटला कुठे न्यायचं

मी कळव्यात राहते. सासूबाईंना शुगर आहे, तळपायाला जखम. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात एका डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर निवासी डॉक्टर (पुढचं शिक्षण घेत रुग्णालयातच काम करणारे) संपावर गेले, तेव्हा सासूबाईंना लोकलने मुंबईच्या सरकारी रुग्णालयात नेलं आणि ओपीडीच्या दारातूनच परत आणलं. घरी पट्टी सोडली तर कापूस जखमेला चिकटलेला. पाणी टाकत टाकत काढला, त्या दात आवळून बसल्या होत्या.

तर आधी हे समजून घ्या: संपात बहुतेक वेळा ओपीडी आणि ठरलेली ऑपरेशनं थांबतात. कॅज्युअल्टी वरिष्ठ डॉक्टर चालवतात. छातीत दुखतंय, कळा सुरू झाल्यात, अपघात झालाय, तर घरी बसू नका, 108 लावा.

ड्रेसिंग, बीपी-शुगरच्या गोळ्या यासाठी जवळचं महापालिकेचं आरोग्य केंद्र गाठा. तिथले डॉक्टर निवासी डॉक्टर नसतात, त्यामुळे ते सहसा चालू असतं. आम्हाला तिथेच ड्रेसिंग मिळालं. केसपेपर, जुने रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत ठेवा. इन्सुलिन संपायची वाट पाहू नका, आठवड्याचं आधीच आणा. ऑपरेशन पुढे गेलं तर नवी तारीख केसपेपरवर लिहूनच घ्या.

सरकार बैठक घेतं, आश्वासन देतं, कधी मेस्माचा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी घालणाऱ्या कायद्याचा, इशारा. 2017 मध्ये धुळ्यात डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतरही डॉक्टरांची मागणी सुरक्षेचीच होती, 2024 मध्येही तीच. म्हणून गेटवर संपाला बसलेल्या त्या डॉक्टर पोरांवर ओरडू नका. छत्तीस-छत्तीस तास ड्युटी करणारी मुलं आहेत ती.