जीव घाबरा होतो म्हणजे नेमकं कधी?

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या, म्हणजे मानसिक त्रासांवर काम करणाऱ्या मानसशास्त्राच्या, एम.फिल.च्या पहिल्या वर्षी ओपीडीत एक बाई आल्या. "काही नाही हो, जीव नुसता घाबरा होतो," म्हणाल्या. मी कागदावर 'अँक्झायटी' लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. केस मांडताना सरांनी विचारलं, "घाबरा होतो म्हणजे कधी?" मला सांगता येईना. पुढच्या खेपेला बाईंना तेच विचारलं. त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "संध्याकाळी साडेसातला. ते कामावरून येतात तेव्हा."

तेव्हापासून केस हिस्टरी हाच माझा जिव्हाळ्याचा विषय. आज शिकवताना पहिला नियम तोच: पेशंटचे शब्द जसेच्या तसे उतरवा. 'डोक्यात मुंग्या येतात', 'कशात जीव रमत नाही' यांचं लगेच लक्षणांत भाषांतर करायचं नाही.

दुसरी आवड चाचण्यांची. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी प्रमाणित केली, हे मी आवर्जून सांगते. प्रश्नच मुलाच्या भाषेत नसेल, तर आलेल्या आकड्याला काय अर्थ?

आता या क्षेत्रात यायचं असेल त्यांच्यासाठी प्रवेशाचं. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातच व्याख्या आहे: भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलं शिक्षण हवं. आम्ही एम.ए.नंतर दोन वर्षं पूर्णवेळ, देखरेखीखाली पेशंट बघत एम.फिल. केलं. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी या मानसिक आरोग्याच्या संस्था ही त्यातली जुनी, नावाजलेली ठिकाणं. पण २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. बंद होत आलं. आमच्या विषयाला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५-२६पर्यंतच प्रवेशाची मुभा दिली होती. त्यामुळे आमच्या वेळचा रस्ता डोळे झाकून धरू नका. फी भरण्याआधी अभ्यासक्रम आणि संस्था दोन्हींची मान्यता आरसीआयच्या यादीत स्वतः तपासा. दरवर्षी कुणीतरी पैसे भरून झाल्यावर माझ्याकडे येतं आणि फार वाईट वाटतं.

प्रवेश मिळाला की माझ्या वर्गात पहिल्याच आठवड्यात जोड्या पाडते. एकाने बोलायचं, दुसऱ्याने पाच मिनिटं एकही सल्ला न देता ऐकायचं. दुसऱ्याच मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, "अगं, मग तू असं कर ना..." आम्ही थांबतो आणि पहिल्यापासून सुरू करतो.