सिसी बार काढायच्या आधी काय काय हाताशी हवं

क्रूझर मोटारसायकलचा मागचा बॅकरेस्ट, म्हणजे सिसी बार, काढायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण तयारीला त्याच्या दुप्पट वेळ धरा, कारण घोळ बॅकरेस्टचा नसतोच, त्याचे बोल्ट आणखी काय काय धरून बसलेत त्याचा असतो. म्हणून पान्याला हात लावायच्या आधी गाडीच्या मागे उकिडवे बसा आणि टॉर्च मारून नीट बघा. खटका फिरवून किंवा दाबून निघणारा डिटॅचेबल प्रकार असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही, खटके सोडवा, बार सरळ मागे ओढा, झालं. फिक्स असेल तर मात्र बऱ्याच गाड्यांत तेच बोल्ट मडगार्ड, इंडिकेटर आणि असली तर सॅडलबॅगची ब्रॅकेटपण धरतात, म्हणजे सगळे एकदम सोडले की मडगार्ड खाली येऊन टायरवर बसणार. त्यासाठी टायर आणि मडगार्डच्या मधे घालायला जाडसर घडी केलेलं फडकं ठेवा, आणि सोडताना एका वेळी एकच बोल्ट.

सगळ्यात महत्त्वाचं सामान म्हणजे ओरिजिनल आखूड बोल्ट. बार बसवताना प्लेटच्या जाडीमुळे लांब बोल्ट लावलेले असतात, आणि आखूड कुठल्यातरी डब्यात पडलेले असतात ते आधी शोधा, नसतील तर त्याच आट्याचे आणि त्याच ग्रेडचे आणून ठेवा, त्याशिवाय काम सुरूच करू नका. मी पहिल्यांदा तेच लांब बोल्ट परत ठोकले, म्हटलं काय फरक पडतो, प्लेट गेल्यामुळे टोकं आतल्या बाजूने तेवढीच पुढे आली आणि पहिल्याच खड्ड्यात शॉकअप दबला तसा खर्रर्र आवाज, उतरून बघतो तर टायरच्या कडेला खडूने ओढावी तशी सरळ रेघ.

पाने बघून घ्या. हार्लीवर टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे बोल्ट, पुष्कळ सापडतात, जपानी गाड्यांवर बहुतेक अ‍ॅलन, म्हणजे सहाकोनी खाचेचे, नाहीतर साधे हेक्स, म्हणजे सहाकोनी डोक्याचे. पाव इंचाच्या अ‍ॅलनमधे सहा मिलिमीटरची की जाते हो, पण पाव इंच म्हणजे 6.35, ती सैल बसते आणि जोर लावला की बोल्टचं डोकं आतून गोल. बॉल-एंडवाली, म्हणजे टोकाला गोळी असलेली, की पण पहिल्या झटक्याला नको, ती फक्त ढिला झालेला बोल्ट फिरवायला. खाचेतली धूळ टाचणीने उकरून काढा, किती साधी गोष्ट पण कोणी करत नाही. गंज दिसत असेल तर आदल्या रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइल (गंज सोडवणारं पातळ तेल) सोडून ठेवा. थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट आपोआप ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावलेला गोंद, निळा असेल तर हातपान्याला सुटतो, लाल असेल तर उष्णता द्यावी लागते, आणि शेजारी पेंट आहे म्हणून तिथे ब्लोटॉर्च नाही, सोल्डरिंग आयर्नचं टोक बोल्टच्या डोक्यावर धरून ठेवायचं.

बाकी किरकोळ. सायलेन्सर थंड हवा, गाडी स्टँडवर पक्की, आतले नट धरायचे तर सीट काढावी लागेल, इंडिकेटरची वायर सोडायची असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह आधी. मडगार्डवर मास्किंग टेपचे दोन थर लावा, बार निघताना तिरका होतो आणि नेमका पेंटवरच घासतो. डाव्या-उजव्या बोल्टांना दोन वेगळ्या वाट्या, आणि वॉशर-स्पेसर कुठल्या क्रमाने निघतात त्याचे फोटो काढत जा, लक्षात राहील म्हणाल तर नाही राहत. परत कसताना टॉर्क, म्हणजे किती जोराने कसायचं ते, मॅन्युअलमधे बघून टॉर्क रेंचने, आणि त्याआधी मागचं चाक हाताने पूर्ण फिरवून बघा, कुठे काही लागतंय का.

अजून एक, मागे नेहमी बसणाऱ्या माणसाला सांगून ठेवा बार काढलाय म्हणून, सवयीने रेलून बसायला जाईल आणि मागे काहीच नसेल.