युरोपात हेलिकॉप्टर उडवायला येताय? आधी देश ठरवा

जुहूवरून मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर फेऱ्या मारणारे, केदारनाथचे सीझन केलेले, सैन्यातून निवृत्त झालेले असे बरेच हेलिकॉप्टर पायलट मला विचारतात, "लायसन कन्व्हर्ट कुठे करू?" मी आधी विचारतो, राहणार कुठे? याचं उत्तर पक्कं झाल्याशिवाय एक युरोही खर्च करू नका.

ईआसाचं, म्हणजे युरोपीय विमान सुरक्षा संस्थेच्या नियमांखालचं, लायसन एका देशानं दिलं की 31 देशांत चालतं: युरोपीय संघाचे 27, शिवाय नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि लिक्टनस्टाइन. नोकरीचा परवाना मात्र त्या त्या देशापुरताच असतो. ऑस्ट्रियाच्या लायसनवर नॉर्वेत उडवता येतं, पण ऑस्ट्रियाच्या वर्क परमिटवर नॉर्वेतली नोकरी धरता येत नाही. ब्रिटन 2021 पासून या व्यवस्थेबाहेर आहे, त्यामुळे तिथलं लायसन वेगळं काढावं लागतं.

डीजीसीएचं (भारतीय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन, इथे नुसतं बदलून मिळत नाही. हजारो तास झालेले असले तरी थिअरीचे पेपर द्यावेच लागतात. प्रत्येक पेपरात 75 टक्के हवेत, एका पेपराला चारच संधी, आणि पहिल्या पेपरापासून 18 महिन्यांत सगळं आटपायचं. नोकरी सांभाळून हा अभ्यास जड जातो, म्हणून शक्य तेवढा भारतातूनच उरकून या. उड्डाणाचं प्रशिक्षण किती लागेल हे तुमचा अनुभव पाहून इथली प्रशिक्षण संस्था सुचवते, मग स्किल टेस्ट, म्हणजे उड्डाणाची परीक्षा. सैन्यातल्यांनी डीजीसीएचं नागरी लायसन हातात घेऊनच निघावं.

त्याही आधी क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी. पहिलं मेडिकल एअरोमेडिकल सेंटरमध्येच होतं, आणि लायसन कुठल्या देशाचं घेणार हे त्या अर्जावरच लिहावं लागतं. नंतर देश बदललात तर वैद्यकीय फाइलही हलवावी लागते. देश आधी ठरवा म्हणतो ते यासाठीही.

आता काम. जर्मनीत एडीएसी आणि डीआरएफ या संस्थांची एअर अँब्युलन्स सगळ्यांच्या डोळ्यांत भरते आणि ते काम खरोखर मोलाचं आहे. पण एचईएमएसच्या, म्हणजे या हेलिकॉप्टर अँब्युलन्सच्या, कमांडरला साधारणपणे 1000 तास पायलट-इन-कमांडचे (मुख्य पायलट म्हणून उडवलेले) लागतात, त्यातले 500 हेलिकॉप्टरवरचे. शिवाय डॉक्टर, पॅरामेडिक, कंट्रोल रूम, रस्त्यावरचे पोलीस, सगळे जर्मनच बोलतात. कोणाचा तरी जीव धोक्यात असताना समोरच्याचं वाक्य अर्धवट कळून चालत नाही. या वाटेनं यायचं असेल तर पुण्या-मुंबईत असतानाच जर्मन सुरू करा आणि बी-टू या वरच्या पातळीपर्यंत न्या.

मुंबई हायवाल्यांना मी उत्तर समुद्राकडे बघायला सांगतो. नॉर्वेतलं स्टाव्हांगर आणि बर्गेन, डेन्मार्कचं एस्बियर्ग, नेदरलँड्सचं डेन हेल्डर ही ऑफशोअरची, म्हणजे समुद्रातल्या कामांसाठी उड्डाणं करण्याची, ठिकाणं. समुद्रावरचे, दोन पायलटच्या कॉकपिटमधले, इन्स्ट्रुमेंटवरचे तुमचे तास इथे ओळखीचे वाटतात. कॅप्टनच्या खुर्चीसाठी एटीपीएल हे सीपीएलच्या वरचं लायसन लागतं: किमान 1000 तास, त्यातले 350 मल्टी-पायलट हेलिकॉप्टरवर. स्थानिक भाषा आली तर निवडीत फरक पडतोच.

केदारनाथच्या अनुभवाला आल्प्समध्ये मान आहे, पण तिथल्या बऱ्याच कामांत दोराला लटकवलेलं ओझं नेमकं खाली ठेवायचं असतं. ते तास नसतील तर नुसत्या उंचीच्या भरवशावर येऊ नका. स्पेन-पोर्तुगालात उन्हाळ्यात वणवे विझवण्याचं हंगामी काम निघतं, मात्र काही महिन्यांच्या करारावर व्हिसा मिळणं अवघड, तेव्हा पहिली नोकरी म्हणून मी ती सुचवणार नाही. पदरच्या पैशानं महागडं टाइप रेटिंगही (एखाद्या ठरावीक मॉडेलचं हेलिकॉप्टर उडवण्याची मान्यता) आधी घेऊ नका. ते दर वर्षी नूतनीकरणाला येतं आणि नोकरी नसेल तर तो खर्च तुमच्याच गळ्यात.

निघण्यापूर्वी ईजीसीए या डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या लॉगबुकाच्या प्रमाणित प्रती आणि पासपोर्ट सेवेतून पोलीस क्लिअरन्स घ्या. जर्मनीत पायलटची सुरक्षा पडताळणी होते, तिथे परदेशातल्या वास्तव्याचे कागद मागितले जातात. इथली यंत्रणा तुमच्या लायसनची खातरजमा थेट डीजीसीएकडून करते, म्हणून नाव, जन्मतारीख आणि लायसन क्रमांक सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखे आहेत ना, ते आजच तपासा.