केमो-रेडिएशन संपलं, आता कोकणात जाताय? मग उन्हाचं एवढं बघा

कॅन्सरची ट्रीटमेंट संपली की घरचे लगेच म्हणतात चला कुठेतरी जाऊन येऊ, आणि आपल्याकडे कुठेतरी म्हणजे तारकर्ली, गणपतीपुळे नाहीतर गोवा. जा की, बिनधास्त जा. फक्त बुकिंगच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून घ्या. एक, चालू गोळ्यांपैकी कुठली उन्हात त्रास देणारी आहे का, म्हणजे कॅपेसिटाबिन, मेथोट्रेक्सेट, डॉक्सिसायक्लिन, अगदी बीपीची हायड्रोक्लोरोथायझाइडसुद्धा यात येते. दुसरं, समुद्रात उतरलं तर चालेल का. हातात पिक लाइन, म्हणजे औषधं देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी, अजून असेल तर पाण्यात जायचंच नाही, विषय संपला.

रेडिएशन दिलेली जागा मात्र वरून बरी दिसली तरी बरीच वर्षं नाजूक राहते, पहिल्या वर्षात तर फारच. ब्रेस्टचं रेडिएशन कधीकधी कॉलरबोनच्या वरपर्यंत दिलेलं असतं आणि आपल्या कुर्त्यांचे गळे नेमके तिथेच उघडे, त्यामुळे बंद गळ्याचं काहीतरी न्या. खरं सांगू का, क्रीमपेक्षा कपडा भारी. स्कूटीवर घालतो तो सनकोट फॅशनचा नसेल पण बीचवर मस्त चालतो, आणि केस अजून आले नसतील तर रुंद काठाची टोपी हवी, क्रिकेटवाली कॅप नको कारण कान आणि मान उघडी राहते. ओला पांढरा सुती टी-शर्ट ऊन फारसं अडवत नाही, पाण्यातून आलात की बदला.

वेळेचं गणित असं की कोकणात सूर्य डोक्यावर बाराला नाही, साडेबारा-पाऊणला येतो, कारण आपलं घड्याळ पार मिर्झापूरकडच्या रेखांशावर लावलेलं आहे. म्हणून सकाळी साडेनऊपर्यंत फिरा, जेवून ताणून द्या आणि साडेचारनंतर परत निघा. घड्याळ नको असेल तर सावली बघा, आपल्यापेक्षा आखूड दिसली की आत. ढग आहेत म्हणून मोकळं फिरू नका, ढगातूनही यूव्ही, म्हणजे कातडी भाजणारे अतिनील किरण, येतंच, वाळू आणि फेसाळ पाण्यावरूनही उलटून येतं.

सनस्क्रीन ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही प्रकारचे यूव्ही अडवणारं, एसपीएफ ३० किंवा जास्त. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर पूर्ण रेघ ओढाल इतकं, बाहेर पडायच्या वीसेक मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर परत. ओठ, कान, पायाचा वरचा भाग हमखास राहतो. जखम किंवा सोललेली कातडी असेल तिथे लावू नका, झाका. ट्यूब गाडीत तापत ठेवू नका. हो आणि गाडी, मुंबईहून जाताना तासन् तास एकाच बाजूचं ऊन येतं आणि बाजूच्या काचेतून यूव्हीए बऱ्यापैकी आत शिरतं, ओढणी तरी लावा.

काखेतल्या गाठी (लिम्फ नोड्स) काढल्या असतील तर त्या बाजूचा हात भाजू देऊ नका, डास चावू देऊ नका, सूज वाढू शकते. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर घरी पोचायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. रेडिएशनच्या जागेवर फोड आले तरी तेच.

आणि कोणीतरी काकू म्हणणारच की ऊन घे गं, व्हिटॅमिन डी मिळतं. मिळतं, पण ते ब्लड टेस्ट करून गोळीनेही भरून निघतं, त्यासाठी दुपारी वाळूत पडायची गरज नाही.