टकोमा पार्कमध्ये राहायला येताय? इथे तुम्हालाही मत आहे

नवीन आलेल्यांचं पहिलं वर्ष बँक, लायसन्स आणि मुलांच्या शाळेत जातं. मतदान तर आपल्या डोक्यातही येत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत आपली माणसं वर्षानुवर्षं उभी आहेत. भारतात अनिवासी म्हणून मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला तिथे स्वतः जावं लागतं. म्हणजे इथेही नाही आणि तिथेही नाही. वॉशिंग्टन शहराला खेटून असलेल्या मेरीलँडमधल्या या छोट्या गावात मात्र तसं नाही. टकोमा पार्कच्या हद्दीत राहणाऱ्याला, पासपोर्ट कुठलाही असो, १९९३ पासून शहराच्या निवडणुकीत मत देता येतं. एच-वन असो, ग्रीन कार्ड असो, चालतं.

आधी एक गोष्ट तपासा. पत्त्यात ‘टकोमा पार्क’ लिहिलंय म्हणून घर शहरात आहेच असं नाही. टपालाची हद्द वेगळी, शहराची वेगळी. मेट्रो स्टेशनचं नाव टकोमा, पण ते डीसीत आहे. शेजारच्या सिल्व्हर स्प्रिंगला तर महापौरच नाही. एवढी मोठी वस्ती असून ती नगरपालिका नाही, सगळा कारभार माँटगोमेरी काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, बघते. त्यामुळे घर भाड्याने घेण्याआधी शहराच्या वॉर्डांच्या नकाशात पत्ता घालून बघा.

इथे सहा वॉर्ड आहेत. प्रत्येक वॉर्डाचा एक नगरसेवक आणि सगळ्या शहराचा मिळून एक महापौर, मुदत दोन वर्षं. रोजचा कारभार सिटी मॅनेजर चालवतो. आपल्याकडचा मुख्याधिकारी राज्य सरकार पाठवतं, इथला मॅनेजर नगर परिषद स्वतः नेमते. पोलीस, कचरा, वाचनालय, गल्लीतले रस्ते शहराकडे. शाळा काउंटीकडे, म्हणून शाळा मंडळाच्या निवडणुकीत आपल्याला मत नाही.

शहराच्या हातात काय असतं ते मला झाडामुळे कळलं. घर घेतलं त्या वर्षी अंगणातला मेपल तोडायचा होता. शेजारीण म्हणाली, आधी टेप लावून बघ. खोडाचा घेर २४ इंच किंवा जास्त असेल तर शहराची परवानगी लागते, झाड स्वतःच्या अंगणात असलं तरी. माझा भरला ३१. शहराचा झाडांचा तज्ज्ञ आला, खोडाला हात लावून बघितलं आणि म्हणाला, झाड ठणठणीत आहे, फांद्या छाट. त्या दिवशी मी चिडलो होतो. आज त्याच सावलीत बसून हे लिहितोय.

भाड्याने राहणार असाल तर याहून मोठी गोष्ट म्हणजे भाडेनियंत्रण. बहुतेक अपार्टमेंट इमारतींमध्ये वर्षाला भाडं किती वाढवता येईल यावर शहराची मर्यादा आहे, ती महागाईच्या आकड्याशी बांधलेली असते. हा नियम ठेवायचा की बदलायचा, ते नगर परिषद ठरवते. आणि इथेच मला मनापासून वाईट वाटतं. जुन्या, स्वतःची घरं असलेल्या वॉर्डांत मतदान भरपूर होतं. मेपल अॅव्हेन्यूवरच्या इमारतींसारख्या, भाडेकरू आणि परदेशातून आलेली माणसं जास्त असलेल्या भागांत कमी. ज्यांचं भाडं पणाला लागलंय, तीच माणसं घरी बसतात. त्यांत आपणही आलो.

निवडणूक पक्षांच्या चिन्हावर होत नाही. तसं हे गाव डेमोक्रॅटिक पक्षाचा गड, म्हणून रस्सीखेच पक्षांत नसते. नवीन इमारती, कर, पोलीस यांवरून असते. मत पसंतीक्रमाने द्यायचं. महाराष्ट्रात पदवीधर मतदारसंघात १, २, ३ आकडे घातले असतील तर तुम्हाला शिकवायला नको. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. म्हणून एकच नाव भरून थांबू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दोनदा वाचा. तुमचं मत फक्त शहरापुरतं आहे. नोंदणी शहराच्या सिटी क्लार्ककडेच करायची. लायसन्स काढताना खिडकीवर मतदार नोंदणीचं विचारतील, तिथे स्पष्ट ‘नाही’ म्हणा आणि सही करण्याआधी फॉर्म वाचा. राज्याच्या यादीत चुकून नाव गेलं तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते आडवं येतं, आणि अध्यक्षपदाच्या किंवा काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, निवडणुकीत मत दिलंत तर देश सोडायची वेळ येऊ शकते. २०२० पासून शहराची निवडणूक राज्याच्या निवडणुकीबरोबर, नोव्हेंबरमध्ये सम वर्षी होते, त्यामुळे गोंधळ वाढतो. नागरिक शेजाऱ्याला दोन मतपत्रिका भरायच्या असतात, एक काउंटीची, राज्याच्या आणि देशाच्या पदांसाठी, आणि एक शहराची. तुमची फक्त शहराची. नोंदणीच्या कागदांची प्रत पासपोर्टच्याच फाइलमध्ये ठेवा.

घरात सोळा वर्षांचं मूल असेल तर त्यालाही घेऊन जा. २०१३ पासून इथे सोळाव्या वर्षी शहरासाठी मत देता येतं. माझ्या मुलीने पहिलं मत दिलं तेव्हा ती अकरावीत होती. आदल्या रात्री स्वयंपाकघरात बसून तिने उमेदवारांची पत्रकं समोर मांडली आणि मला विचारलं, बाबा, आपल्या गल्लीत फुटपाथ कोण करणार म्हणतंय?