निलगिरीचा पाला वाफ्यात घालण्याआधी

बांधावरच्या निलगिरीचा पाला फुकटचं आच्छादन म्हणून भाजीच्या वाफ्यात पसरतो आणि बी नीट उगवत नाही. पाल्यातून पाझरणारी द्रव्यं कोवळी मुळं रोखतात. आधी घरीच तपासा:

१. 100 ग्रॅम वाळला पाला 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा.
२. दोन ताटल्यांत सुती कापडावर मुळ्याचं 20-20 बी ठेवा (बारीक बियांवर परिणाम लवकर दिसतो). एकीवर साधं पाणी, दुसरीवर पाल्याचं.
३. चौथ्या दिवशी नुसते मोड मोजू नका, मुळांची लांबी बघा. खरा फरक तिथेच दिसतो.

मुळं आखूड राहिली तर तो पाला पेरणीच्या वाफ्यात नकोच.

मात्र पाला निर्धोक निघाला तरी झाडाची सावली आणि पाण्याची ओढ असतेच. बांधालगतची ओळ सोडूनच पेरा.