नेट अचानक मंदावलं? प्लॅन बदलण्याआधी या चुका टाळा

काल रात्रीपर्यंत नीट चालणारं नेट आज सकाळपासून रडतखडत चालतंय. बिल भरलेलं आहे, नेटच्या बॉक्सवरचे (राउटरवरचे) दिवे हिरवे आहेत, तरी मुलांच्या क्लासमध्ये सरांचा आवाज तुटतोय आणि यूपीआयचं पान उघडायलाही वेळ लागतोय. कंपनीला फोन करावा तर पलीकडून हमखास एक सल्ला मिळतो: ‘सर, वरचा प्लॅन घ्या.’ लोक घेतातही. दरमहा दोन-तीनशे रुपये जास्त जायला लागतात आणि नेट होतं तिथेच राहतं. कारण बहुतेक वेळा दुखणं प्लॅनमध्ये नसतंच. ते बॉक्सपासून मोबाइलपर्यंतच्या वीस-तीस फुटांत असतं, नाहीतर खांबावरून घरात आलेल्या वायरीत.

म्हणून आधी वेग कुठे गळतोय ते शोधायचं आणि मगच उपाय करायचा. क्रम उलटा झाला की पैसेही जातात आणि वेळही.

वायफायवर मोजलेल्या आकड्यावर विसंबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. बेडरूममध्ये पलंगावर बसून मोबाइलवर स्पीड टेस्ट करायची, आकडा तीस आला की ‘शंभरचे पैसे घेता आणि तीस देता’ म्हणून भांडायचं. तो तीसचा आकडा लाइनचा नसतो. त्यात दोन भिंती, शेजाऱ्यांचे राउटर आणि मोबाइलचा अँटेना असं सगळं मिसळलेलं असतं.

लाइन खरोखर किती वेग देते हे पाहायचं तर लॅपटॉप वायरीने थेट बॉक्सच्या लॅन पोर्टला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, घरातली बाकीची उपकरणं पाच मिनिटं नेटवरून काढा आणि मग टेस्ट घ्या. एकदा सकाळी, एकदा रात्री साडेनऊच्या सुमारास. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीला लागणारा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) अडॅप्टर मिळतो, शेजाऱ्याकडून तासाभरासाठी आणला तरी चालतो. तेही जमत नसेल तर मोबाइल बॉक्सपासून हातभर अंतरावर धरून ५ गिगाहर्ट्‌झच्या (वायफायच्या दोन बँडपैकी वेगवान) वायफायवर मोजा. हे वायरीइतकं पक्कं नाही, पण पलंगावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी खरं.

वायरीवर पूर्ण वेग आला, तर लाइन ठीक आहे आणि दोष घरातल्या वायफायचा आहे. वायरीवरही कमीच आला, तर दोष बाहेरचा किंवा बॉक्सचा. अर्धं निदान इथेच होतं.

यात एक खास आकडा लक्षात ठेवा. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा आहे आणि वायरीवर टेस्ट दर वेळी ९३-९४-९५ वरच अडकते, तर ऑपरेटरला दोष देण्याआधी वायर बघा. लॅन वायरीच्या आत आठ तारा असतात. १०० एमबीपीएसचं काम त्यातल्या चार तारांवर चालतं, गिगाबिटला आठही लागतात. एखादी तार टोकाच्या प्लास्टिक क्लिपमध्ये सैल झाली, दारात चेपली किंवा उंदराने कुरतडली की बॉक्स आणि लॅपटॉप आपापसात १०० वर तडजोड करतात, आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या तपशिलात लिंक स्पीड दिसतो. तिथे १०००च्या जागी १०० दिसलं की वायर बदलून बघा. कॅट-५ई किंवा कॅट-६ची चांगली तयार वायर फार महाग नसते. ती बदलूनही १००च राहिलं तर पोर्टच तेवढं आहे. बऱ्याच स्वस्त राउटरची आणि स्मार्ट टीव्हींची लॅन पोर्ट १००चीच असतात. तिथे ३००चा प्लॅन घेऊन वायरीवर काही फरक पडत नाही.

एमबीपीएस आणि एमबी यांचा घोळही इथेच मिटवा. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, एमबी म्हणजे मेगाबाइट. आठ बिट म्हणजे एक बाइट. १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरते. डाउनलोडच्या खिडकीत ११ किंवा १२ दिसत असेल तर तुमची लाइन उत्तम चालली आहे.

टाचणीने दाबायचं ते बटण

राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं हा रास्त उपाय आहे, तो जरूर करा. पण मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेट दाबू नका. त्याने कंपनीने भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि लाइनच्या जोडणीच्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. मंद का होईना चालणारं नेट मग पूर्ण बंद पडतं आणि माणूस येईपर्यंत घर बसून राहतं. शनिवारी संध्याकाळी तर हे अजिबातच करू नका.

वायफायचा दोष भलतीकडे शोधणं

वायरीवर वेग पूर्ण आहे आणि मोबाइलवर नाही, असं निघालं तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: गेल्या आठवड्यात घरात किंवा शेजारी काय बदललं? अचानक आलेल्या दुखण्याला अचानक झालेला बदलच कारण असतो. नवं टीव्ही युनिट बसलं आणि राउटर त्याच्या कप्प्यात गेला. फ्रिज सरकवला आणि तो राउटरच्या आड आला. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. लाइट गेली आणि आली.

लाइटचं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. अनेक साधे राउटर कोणत्या चॅनेलवर बोलायचं हे फक्त सुरू होताना ठरवतात. लाइट आल्यावर सगळ्या इमारतीचे राउटर एकाच वेळी उठतात, आणि त्या गर्दीत तुमचा राउटर नको त्या चॅनेलवर जाऊन बसतो. २.४ गिगाहर्ट्‌झवर आपल्याकडे १३ चॅनेल दिसतात, पण एकमेकांवर न चढणारे तीनच धरायचे: १, ६ आणि ११. मोबाइलवरच्या एखाद्या वायफाय तपासणीच्या ॲपमध्ये आजूबाजूचे राउटर कुठे आहेत ते बघा आणि या तिघांतला मोकळा चॅनेल हाताने निवडा. ‘३ मोकळा दिसतोय’ म्हणून तिसरा घेतलात तर १ आणि ६ दोन्हींचा त्रास ओढवून घ्याल.

त्याहून चांगलं म्हणजे जवळच्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्‌झवर न्या. तिथे जागा पुष्कळ आहे, गर्दी कमी आहे. फक्त भिंतीपुढे त्याचा जोर लवकर संपतो. फ्लॅटमधली काँक्रीटची भिंत असो की कोकणातल्या घराची जांभ्याची जाड भिंत, पलीकडे गेलं की मोबाइल गुपचूप २.४ वर उतरतो आणि आपल्याला वाटतं नेटच गेलं. दोन्हींना वेगवेगळी नावं दिली की आपण कशावर आहोत ते कळतं. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ वरचं नेट अडखळतं हेही खरं आहे, कारण मायक्रोवेव्हही तीच लहर वापरतो.

लांबच्या खोलीसाठी स्वस्त रिपीटर घेताना मात्र विचार करा. एकाच बँडवर ऐकणारा आणि त्याच बँडवर पुढे बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्म्यावर आणतो. रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात, म्हणून लोक फसतात. त्या खोलीपर्यंत लॅन वायर ओढून तिथे दुसरा राउटर बसवला तर तो वर्षानुवर्षं त्रास देत नाही.

पिवळ्या वायरीकडे दुर्लक्ष करणं

फायबरच्या घरात भिंतीपासून बॉक्सपर्यंत एक बारीक, बहुधा पिवळी किंवा पांढरी वायर येते, टोकाला हिरवं किंवा निळं कनेक्टर. तिच्यात वीज नसते, प्रकाश असतो, आणि आतली काचेची तार वाकली की प्रकाश बाहेर निसटतो. या वायरीला बांगडीपेक्षा लहान वळसा देऊ नये. सोफा मागे सरकवताना ती भिंतीत चेपते, दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी नीटनेटकी गुंडाळून रबर लावतं आणि त्याच दिवसापासून नेट बिघडतं.

प्रकाश कमी झाला तरी नेट लगेच बंद पडत नाही. आधी चुका वाढतात, डेटाची पाकिटं (छोटे तुकडे) पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात आणि आपल्याला तेवढंच दिसतं, की नेट मंद आहे. प्रकाश जवळजवळ पूर्ण गेल्यावरच एलओएसचा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लागतो. मधली अवस्था पकडायची तर बॉक्सच्या पानावर जा (बहुतेक ठिकाणी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१) आणि ऑप्टिकल किंवा पॉन स्टेटसमध्ये आरएक्स पॉवर, म्हणजे बॉक्सपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर बघा. आकडा उणे डीबीएममध्ये (हा जोर मोजायच्या एककात) असतो. उणे १५ ते उणे २५ असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या आसपास किंवा त्याखाली गेला असेल तर लाइन कडेलोटावर आहे. तीन डीबी कमी होणं म्हणजे प्रकाश निम्मा होणं, त्यामुळे उणे २१ चे उणे २४ झाले तर तेही सांगण्यासारखं आहे.

कनेक्टर स्वतः उपसू नका, टोकाला बोट लावू नका, फुंकू नका. धुळीचा एक कणही तिथे पुरतो. आणि टोकात डोळा घालून प्रकाश येतोय का ते कधीही बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

पावसाळ्यात खांबावरच्या जोडपेटीत पाणी शिरतं, गणपतीच्या मांडवासाठी खड्डे खणताना वायर ओढली जाते. हे घरातून दुरुस्त होत नाही, पण आकडा उतरला की ऑपरेटरला नेमकं सांगता येतं.

डेटा संपलाय हेच माहीत नसणं

‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही मर्यादा असते. अनेक प्लॅनमध्ये ती महिन्याला ३,३०० जीबी असते, छोट्या ऑपरेटरांकडे याहून कमीही असते. ती ओलांडली की वेग खाली येतो. ओळखायची खूण सोपी आहे: सकाळ असो, रात्र असो, वायरीवर एकच ठरलेला लहानसा आकडा येतो, २ किंवा ५, आणि जराही हलत नाही. बिघाडाचा आकडा असा स्थिर नसतो. ॲपमध्ये वापर बघा. आणि वापर पटत नसेल तर बॉक्सच्या पानावर जोडलेली उपकरणं मोजा. वायफायचा पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवलेला असेल तर तो आजच बदला, तो अर्ध्या सोसायटीला माहीत असतो.

मर्यादा न संपताही घरातलंच एखादं उपकरण लाइन अडवून बसलेलं असू शकतं. लग्नाचे व्हिडिओ मोबाइलवर आले आणि फोटोंचा बॅकअप सुरू झाला की वर जाणारी वाट भरते. मग खाली येणारं नेटही रेंगाळतं, कारण प्रत्येक पाकीट मिळाल्याची पोच त्याच वाटेने परत जावी लागते. ज्या प्लॅनमध्ये अपलोड कमी आहे तिथे हे हमखास होतं. बॅकअप रात्री उशिरावर टाका.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून वेग वाढतो असं सांगणारे पुष्कळ आहेत. पान उघडायला लागणारा सुरुवातीचा क्षण कमी होऊ शकतो, डाउनलोडचा वेग त्याने वाढत नाही.

सगळा दोष आपल्याच लाइनवर टाकणं

परदेशातली एकच साइट मंद आहे आणि बाकी सगळं सुसाट, तर घरात काही शोधू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा भारतातही अनेकांना परदेशी सेवा मंद मिळाल्या. त्या वेळी राउटर बदलून काहीच झालं नसतं.

तक्रार मोघम करणं

सकाळी वायरीवर ९५ आणि रात्री साडेनऊला वायरीवरच १५, असं रोज होत असेल तर तो गर्दीचा प्रश्न आहे. नेहमीच्या जीपॉन फायबरमध्ये (एक धागा अनेक घरांत वाटणाऱ्या पद्धतीत) एका धाग्यावरचे सुमारे अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात, आणि ऑपरेटरने पुढची क्षमता कमी घेतली असेल तर क्रिकेटच्या संध्याकाळी सगळ्यांचंच नेट बसतं. इथे मोठा प्लॅन घेऊ नका. अरुंद पुलावर मोठी गाडी आणल्यासारखं ते होईल. ग्राहक वेगाची तक्रार करतो आणि त्याला जास्त वेग विकला जातो, याची मला खरोखर चीड येते.

‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगितलं की पलीकडून ‘राउटर बंद-चालू करा’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी तारीख, वेळ, वायरीवरचा आकडा आणि आरएक्स पॉवर सांगा, टेस्टचे फोटो पाठवा, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) लिहून घ्या. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांनी ही दोन पायऱ्यांची सोय ग्राहकाला दिलेली आहे, आणि फार थोडे लोक दुसरी पायरी चढतात.

माणूस दुरुस्तीला आला तर त्याच्या मोबाइलवरची टेस्ट बघून सही देऊ नका. तुमच्या लॅपटॉपला वायर लावून त्याच्यासमोर टेस्ट घ्या, आरएक्स पॉवर वाचून घ्या आणि तो आकडा तारखेसह बॉक्सच्या पाठीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला तोच उपयोगी पडतो.